शेवटची बोट सुटल्यावर

फेब्रुवारी २०१८. सदरमध्ये रेसिडेन्सी रोडवरच्या एका टपरीवर सकाळचा चहा घेत मी मोबाईलवर बातम्या चाळत होतो. त्यातली एक होती : घारापुरी बेटावर वीज पोहोचली. २२ फेब्रुवारीला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी. समुद्राच्या तळाशी साडेसात किलोमीटर केबल टाकून, सुमारे २५ कोटी रुपये खर्चून.

शेजारी बसलेल्या मित्राला मी बातमी वाचून दाखवली. तो म्हणाला, "घारापुरी म्हणजे एलिफंटा ना? तिथं लोकं राहतात का बे?"

मी हसलो. पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात आधी तोच प्रश्न आला होता. आणि मी तर त्या बेटावर जाऊन आलो होतो.

आठवीत असताना आमची सहल मुंबईला गेली होती. रात्रभर रेल्वे, सकाळी गेटवे ऑफ इंडिया, मग तासाभराचा बोटीचा प्रवास. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघणारी आम्ही चाळीस नागपुरी पोरं. त्या दिवसातलं मला काय आठवतं? पायऱ्या, अंधारी लेणी, सरांनी आम्हाला गप्प बसवून दाखवलेली ती भली थोरली तीन तोंडांची मूर्ती, आणि माझ्या हातातला वेफर्सचा पुडा पळवणारं माकड. घरच्या अल्बममध्ये अजून एक फोटो आहे. डोक्यावर एकावर एक हंडे घेतलेली एक बाई आणि तिच्या दोन्ही बाजूंना दात काढून उभे असलेले आम्ही चौघं. ती बाई संध्याकाळी कुठल्या घरी जात असेल, तिथं दिवा असेल का, हे आम्हा चौघांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

या बातमीनं अडकायला आणखी एक कारण होतं. सदरमधून उत्तरेला मानकापूरच्या पुढं गेलं की दहा-बारा किलोमीटरवर कोराडीच्या चिमण्या दिसायला लागतात. १९७४पासून तिथं कोळसा जाळून वीज तयार होते. राख आमच्याकडे पडते, वीज तारांमधून राज्यभर जाते. २०१८मध्ये राज्याचे मुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री दोघंही आमच्याच जिल्ह्यातले होते, त्यामुळे त्या बातमीचं नागपुरात कौतुकही झालं. पण मला प्रश्न पडला तो वेगळा. वीज नागपूरहून आठशे किलोमीटर प्रवास करून मुंबईपर्यंत केव्हाच पोहोचली होती. पुढच्या दहा किलोमीटरला सत्तर वर्षं का लागली?

त्या प्रश्नामागं लागून मी घारापुरीबद्दल वाचत गेलो, आणि काही वर्षांनी पुन्हा एकदा तिथं जाऊन आलो.

चिल्लर

घारापुरी म्हणजे मुंबई बंदराच्या पाण्यात बसलेल्या दोन टेकड्या आणि त्यांच्या मधली एक अरुंद घळ. लांबी जेमतेम अडीच किलोमीटर. प्रशासनाच्या हिशेबात हे बेट मुंबईचं नाही. ते रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात येतं. गावं तीन : शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर. पश्चिमेच्या टेकडीत शैव लेणी, पूर्वेच्या टेकडीवर विटांच्या जुन्या स्तूपाचे अवशेष. वस्ती साधारण बाराशे माणसांची.

लेणी कुणी कोरली याचं उत्तर देणारा शिलालेख आज आपल्याकडे नाही. एक शिलालेख होता. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो काढून आपल्या राजाकडे पाठवला. तिथं तो कुणाला वाचता आला नाही आणि पुढं हरवला. त्यामुळे अभ्यासकांना दुसरे पुरावे शोधावे लागले. इथं मला एक ओळखीचं नाव भेटलं : महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी. जन्मानं कोकणातले, कर्मानं नागपूरचे. मॉरिस कॉलेजात त्यांनी वर्षानुवर्षं संस्कृत शिकवलं. कलचुरी राजांच्या लेखांचा त्यांचा मोठा ग्रंथ १९५५मध्ये निघाला. घारापुरीची लेणी सहाव्या शतकातल्या कलचुरींच्या काळातली असावीत, हा विचार पुढं आणणाऱ्यांत मिराशी होते. त्याला एक आधार होता तो बेटावर सापडलेल्या नाण्यांचा. कृष्णराज या कलचुरी राजाची ही नाणी.

नाणी म्हटलं की आपल्याला सोन्याचा हंडा आठवतो. ही नाणी तांब्याची, हलक्या किमतीची होती. सोन्या-चांदीचं नाणं व्यापाऱ्याच्या कमरेला बांधून देशोदेशी फिरतं. तांब्याचं नाणं म्हणजे चिल्लर. ती सहसा जिथल्या तिथंच फिरते. बेटावर अशी चिल्लर मोठ्या संख्येनं सापडते तेव्हा तिथं रोजची देवघेव होती असं मानायला जागा असते. लेणी कोरणाऱ्या कारागिरांना ती मजुरी म्हणून दिली गेली असावी, असंही अभ्यासकांनी सुचवलं आहे. मग त्या मजुरीतून कुणाकडून तरी तांदूळ घेतला जात असेल, मासळी घेतली जात असेल.

वस्ती त्याहूनही जुनी आहे. मोराबंदरच्या किनाऱ्यावर रोमन जगातून दारू आणि तेल भरून येणाऱ्या मातीच्या उंच रांजणांचे, अँफोरांचे, तुकडे मिळाले आहेत. म्हणजे लेणी कोरली जाण्याच्या काही शतकं आधी या बेटाला बंदर होतं, जहाजं लागत होती आणि ती उतरवून घेणारे हात होते. इसवी सन ६३४च्या ऐहोळे शिलालेखात दुसऱ्या पुलकेशीनं शेकडो नौका घेऊन जिंकलेल्या 'पुरी' नावाच्या सागरी राजधानीचा उल्लेख येतो. ती पुरी म्हणजे हीच घारापुरी, असं काहींचं मत. जंजिऱ्याजवळची राजपुरी, असं इतरांचं. तो वाद चालू आहे. मला त्या राजधानीपेक्षा ती चिल्लर जास्त बोलकी वाटते.

गुरांची तक्रार

बेट बघायला येणाऱ्या लोकांनी लिहून ठेवलेला इतिहास सुरू होतो पोर्तुगीजांपासून. किनाऱ्याजवळ त्यांना दगडात कोरलेला मोठा हत्ती दिसला आणि त्यांनी बेटाचं नाव ठेवलं एलिफंटा.

गार्सिया द ओर्ता हा त्यांच्यातला एक वैद्य. पोर्तुगीज सरकारनं मुंबई बेट ज्याला भाडेपट्ट्यानं दिलं होतं तोच हा. १५३४मध्ये त्यानं घारापुरीची लेणी पाहिली आणि १५६३च्या आपल्या ग्रंथात त्यांच्याबद्दल लिहिलं. आपण पाहिली तेव्हा लेणी फार देखणी होती, आता आत गुरं शिरून त्यांची खराबी झाली आहे, अशी त्याची तक्रार आहे.

ही तक्रार वाचून मी थबकलो. गुरं! गुरं आकाशातून पडत नाहीत. गुरं आहेत म्हणजे गोठा आहे, चारा आहे, नांगर आहे, शेत आहे आणि शेतकरी आहे. द ओर्ताच्या लेखी ती नासधूस होती. एखाद्या कुळंब्यासाठी मात्र कोकणातल्या धो-धो पावसात बैल बांधायला ती कोरडी जागा असेल. इतिहासात या बेटावरचा शेतकरी असा येतो, दुसऱ्याच्या कुरकुरीतून.

पोर्तुगीज अमलात हे बेट सालाना ठरावीक रकमेवर भाड्यानं दिलं जायचं. हे भाडं लेण्यांसाठी नव्हतं, कारण तेव्हा लेण्यांना तिकीट नव्हतं. भाडं जमिनीच्या उत्पन्नाचं होतं. म्हणजे कागदोपत्री हे बेट शेतीचं होतं आणि प्रवासवर्णनांमध्ये मूर्तींचं.

शेती कशी होती हे समजायला फार कल्पना लढवावी लागत नाही. दोन टेकड्यांमधल्या घळीत पावसाचं पाणी उतरतं, तिथं भाताची खाचरं. उतारावर आंबा, चिंच, करंज, कुठं कुठं ताड. कडेला चिखल आणि तिवरांचं रान. भात एकच, पावसाळी. माझं आजोळ भंडारा जिल्ह्यातलं, त्यामुळे भात मला परका नाही. आमच्याकडे 'बांधी', इथं 'खाचर'. आमच्याकडे 'परे', इथं 'राब'. आमची 'रोवणी', इथली 'लावणी'. फरक एवढाच की आमच्याकडे पाऊस दगा देतो तेव्हा तलाव असतात. विदर्भाच्या त्या टोकाला गावागावांत मालगुजारी तलाव आहेत. बेटावर मात्र चारी बाजूंनी पाणी आणि पिकाला चालेल असा त्यातला एक थेंब नाही. आभाळातून पडेल तेवढंच गोडं पाणी आणि टेकडीच्या पोटात साठेल तेवढाच उन्हाळा.

१७७४मध्ये बेट इंग्रजांकडे गेलं. १७८२च्या सालबाईच्या तहात साष्टीबरोबर एलिफंटाचंही नाव आहे. मग मुंबईत येणारा प्रत्येक साहेब एक दिवस काढून घारापुरीला यायला लागला. १८७५मध्ये ब्रिटनच्या युवराजाला खुद्द लेण्यात मेजवानी दिली गेली. ज्या लेण्यात गुरं शिरली म्हणून तक्रार होती, तिथं आता टेबलं मांडली गेली. त्याबद्दल कुणी तक्रार केल्याचं माझ्या वाचनात नाही.

दगडी हत्तीचं काय झालं? १८१४मध्ये त्याचं डोकं आणि मान निखळून पडली, मग धडही ढासळलं. १८६४मध्ये त्याचे तुकडे बेटावरून हलवण्यात आले. पुढं ते जोडून उभे केले. आज तो हत्ती भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. त्याच सुमारास, १८६३मध्ये, इकडे सदरजवळ आमचा 'अजब बंगला' उभा राहत होता. वस्तू जिथल्या तिथून उचलून संग्रहालयात आणायच्या, हा त्या दशकाचा उद्योगच होता. आपल्याकडे म्हणतात, हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. घारापुरीचा हत्ती गेला आणि नाव राहिलं. बेटावरची माणसं मात्र आजही घारापुरीच म्हणतात.

दोन हंगाम

लेण्यांना १९८७मध्ये युनेस्कोचा जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. १९८९पासून पर्यटन विकास महामंडळाचा एलिफंटा महोत्सव सुरू झाला. त्याच वर्षी समोरच्या किनाऱ्यावर न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. त्याआधी, जानेवारी १९८४मध्ये, त्या किनाऱ्यावरचे शेतकरी जमिनी जाताहेत म्हणून दि. बा. पाटलांच्या मागं रस्त्यावर उतरले होते. गोळीबारात पाच जण मारले गेले. बेटावरची शेती कुणी संपादित केली नाही. ती हळूहळू, गाजावाजा न होता मागं पडत गेली.

कशी, ते मला कळलं दुसऱ्या खेपेला, २०२५च्या जानेवारीत. त्याच्या महिनाभर आधी, १८ डिसेंबरला, गेटवेहून बेटाकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकून डझनावर माणसं गेली होती. आमच्या बोटीत सगळ्यांना लाइफ जॅकेट घालायला लावलं. पर्यटक एकमेकांचे जॅकेटमधले फोटो काढत होते. माझ्या समोरच्या बाकावर भाजीच्या दोन पिशव्या घेऊन बसलेल्या बाईंनी जॅकेटचे बंद न बघता बांधले आणि डोळे मिटून घेतले. त्यांच्यासाठी ही सफर नव्हती, घरी जायचा रस्ता होता.

मी उतरलो ते शेतबंदरला. नावातलं 'शेत' मला या वेळी पहिल्यांदा ऐकू आलं. धक्क्यावरून छोटी गाडी, मग एकशेवीस पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना ताडपत्रीखाली दुकानं. दगडी गणपती, माळा, टोप्या, मक्याची कणसं, तिखट-मीठ लावलेली कैरी. एका दुकानात मी ताक प्यायलो आणि दुकानदार ताईंना विचारलं, "ताई, इथं शेती कोण करतं?"

"करायचे सगळे," त्या म्हणाल्या. "माझे सासरे करायचे. आता थोडी होते. बाकीच्यात गवत."

"का सोडली?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की नागपूरहून एवढ्या लांब हे विचारायला आलास का. मग म्हणाल्या, "दादा, भात विकत मिळतो. गिऱ्हाईक विकत मिळत नाही."

मग त्यांनी जे सांगितलं त्यातून मला बेटाचं वर्ष उलगडलं. पावसाळ्यात समुद्र खवळतो, बोटी कमी होतात, कधी बंदच राहतात. तेव्हा धंदा नाही. लावणी तेव्हाच. दिवाळीच्या सुमारास भात कापून झालं की पर्यटक यायला लागतात. पंचांग बघितलं तर दोन्ही कामं एकमेकांच्या आड येत नाहीत. पूर्वी तसंच चालायचं. पावसात शेतकरी, उन्हात दुकानदार. पण शेताला फक्त चार महिने पुरत नाहीत. उन्हाळ्यात राब भाजायचा, बांध धरायचे, गुरं सांभाळायची. नेमका तोच बोटी भरभरून येण्याचा काळ. शिवाय मुलं शिकायला समुद्रापलीकडे गेली ती तिथंच नोकरीला लागली. खाचर हाताचं काम मागतं आणि हात पायऱ्यांवर बसलेले. जमीन गेली नाही, हात गेले.

पायऱ्यांच्या वळणावर मला ती दिसली. म्हणजे तीच नव्हे. वीस-बावीस वर्षांनी तीच कशी असेल? नऊवारी, नाकात नथ, डोक्यावर चकचकीत हंड्यांची उतरंड. परदेशी पाहुण्यांचा घोळका तिच्याभोवती. फोटो झाला की ती पैसे घेत होती.

मी जरा वेळ बघत राहिलो. हे बेट उन्हाळ्यात पाण्यासाठी तरसायचं. इथल्या बायकांनी विहिरीवरून खरोखरच हंडे वाहिले आहेत. आता तोच हंडा रिकामा डोक्यावर घेऊन उभं राहिलं की पैसे मिळतात. भरलेल्या हंड्याला कुणी काही दिलं नव्हतं. मला यात हसण्यासारखं काही वाटलं नाही आणि रडण्यासारखंही नाही. तिनं आपल्या जुन्या कष्टांना गिऱ्हाईक शोधलं होतं. आमच्या सहलीतल्या त्या फोटोचे पैसे कुणी दिले होते का, हे मला काही केल्या आठवेना.

संध्याकाळ

आता मूळ प्रश्न. पुढच्या दहा किलोमीटरला सत्तर वर्षं का लागली?

समुद्रातून केबल टाकणं अवघड आणि खर्चिक, हे खरंच आहे. पण शेजारच्या बुचर बेटावर, म्हणजे जवाहर द्वीपावर, तेलाची जहाजं लागतात. तिथं दिवे असतात. समोर न्हावा-शेव्याच्या क्रेन रात्रभर उजळलेल्या असतात. पलीकडे तुर्भ्याचं वीज केंद्र आहे, मागं अख्खी मुंबई. घारापुरीच्या लोकांनी अंधारात बसून दशकानुदशकं चारी दिशांचा उजेड बघितला. त्यांच्याकडे पर्यटन महामंडळाचे डिझेल जनरेटर होते. संध्याकाळी साधारण तीन तास. जेवण, थोडा अभ्यास, थोडा टीव्ही. मग पुन्हा अंधार. फ्रीज नाही, त्यामुळे मासळी ठेवायची सोय नाही. उकाड्यात पंखा नाही.

मला वाटतं, याचं एक उत्तर बोटीच्या वेळापत्रकात आहे. लेणी दिवसा बघायची असतात. शेवटची बोट साडेपाचच्या सुमारास सुटते. पर्यटकांना मुक्कामाची परवानगी नाही. सोमवारी लेणी बंद. गार्सिया द ओर्तापासून युवराजापर्यंत आणि युवराजापासून आमच्या आठवीच्या वर्गापर्यंत, ज्यांनी ज्यांनी या बेटाबद्दल लिहिलं, ठरवलं किंवा फोटो काढले, त्यांतले बहुतेक सगळे उजेडी आले आणि उजेडीच परतले. रात्र ही फक्त राहणाऱ्यांची अडचण होती. राहणारे होते बाराशे. मतांच्या यादीत ते रायगडच्या एका टोकाला आणि मुंबईच्या नकाशात तर नव्हतेच.

जागतिक वारशानं लेण्यांना संरक्षण दिलं, आणि ते हवंच होतं. संरक्षित स्मारकाच्या शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, हा कायदाही योग्य आहे. पण वारसा मोजताना आपण दगडाचं वय मोजतो. त्या दगडाच्या पायथ्याशी कुणीतरी सलग राहत आलं, भात लावत आलं, हेही जपायच्या गोष्टींत येतं का? चिल्लर वापरणारे, गुरं बांधणारे, हंडे वाहणारे हे लोक एकाच रक्ताचे होते असं मी म्हणत नाही. राजे बदलले तसे रहिवासीही बदलले असतील. पण लेणं पाहून परत जाणं हा बेटाचा एक इतिहास आहे आणि तिथं राहणं हा दुसरा. पहिल्याची पुस्तकं आहेत. दुसऱ्याचे तुकडे पहिल्याच्याच समासात सापडतात.

वीज आल्यानं काय बदललं, हे मी ताईंना विचारलं होतं. मला वाटलं, त्या मुलांच्या अभ्यासाचं काही बोलतील. त्या म्हणाल्या, "झोप लागते." मग हसून पुढं म्हणाल्या, "आणि तुम्हाला थंड पाणी मिळतं."

खाली उतरताना मी लेण्यांकडे न जाता राजबंदरच्या वाटेनं थोडा चालून आलो. वाटेत दोन-तीन खाचरांत कापलेल्या भाताची धसकटं होती. त्यांच्या पलीकडची चार खाचरं गवतानं भरलेली, बांध अजून शाबूत. बांध शाबूत असेल तर शेत परत लावता येतं, एवढं मला आजोळच्या मुक्कामात कळलेलं आहे.

परतीची बोट वेळेवर सुटली. निम्म्या वाटेवर सूर्य बुडाला. सगळे मुंबईच्या बाजूनं बसून उजळणाऱ्या इमारतींचे फोटो काढत होते. मी उलट्या बाजूला जाऊन बसलो. दोन टेकड्या काळ्या पडत होत्या. मग पायथ्याशी एक दिवा लागला, त्याच्याजवळ दुसरा, मग ओळीनं चार-पाच. मोबाईल काढून फोटो घेतला, पण त्यात काळ्यावर पिवळे ठिपके सोडून काही येईना. नागपूरला आल्यावर मी तो मित्राला दाखवला.

"हे काय आहे बे?"

"लोकं राहतात," मी म्हटलं.